वरचं जरा जास्त

३ फेब्रुवारी

ही वही मास्तरांनी दिली. पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय, "रोज लिही असं नाही, पण खरं लिही." मास्तर म्हणजे आमच्या बँडचे बेसवाले. दिवसभर क्लासमध्ये गणित शिकवतात, म्हणून मास्तर. म्हणाले, "अल्बम होतोय, कुणीतरी नोंद ठेवायला हवी. दादा बोलत सुटतो, त्याला लिहायला वेळ नाही. तू बोलतच नाहीस, म्हणजे तुझ्याकडे शब्द शिल्लक असणार."

तर नोंद. दादा माझा आतेभाऊ. तो गातो, गिटार वाजवतो आणि लिफ्ट दुरुस्त करतो. करायचा. काल नोकरी सोडली. गाणी सगळी त्याचीच, लिफ्टखालच्या खड्ड्यात बसून सुचलेली. बँडचं नाव 'सातवा मजला'. मी ड्रम वाजवते. मला सगळे गप्पू म्हणतात. वय सतरा. शाळा आठवीत सोडली. वर्गापुढे उभं राहून धडा वाचायचा होता, उभी राहिले, आणि आवाजच निघेना. सगळे हसायला लागले तेव्हा बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी गेले नाही. मग गेलेच नाही. बाबांनी विचारलं, "मग करणार काय?" मी म्हटलं, "पत्रा."

बाबांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. हवेचे डक्ट, धुराडी, टाक्या. खाली वर्कशॉप, वर आम्ही दोघं. आई मी नऊ वर्षांची असताना गेली.

आणि मोठी गोष्ट ही की अल्बम मी मिक्स करणार. म्हणजे ड्रम, बेस, गिटार, गळा, सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होतं, मग कुणाला किती पुढे आणायचं, कुणाला मागे बसवायचं, ते ठरवणारा माणूस मी. दोन वर्षांपूर्वी तीन गाणी मी मिक्स केली होती, जुन्या कॉम्प्युटरवर. ती ऐकून एका म्युझिक कंपनीने आम्हाला घेतलं. कंपनीवाल्या बाईंनी विचारलं होतं, "मिक्स कुणाचा?" दादाने मला मानेला धरून पुढे ढकललं.

आजवर मला कुणी कशात चांगलं म्हटलं नव्हतं. बाबा म्हणतात, पण ते बाबा.

९ फेब्रुवारी

आज नियम ठरला. खरं तर जुनाच. त्या तीन गाण्यांच्या वेळी दादा आणि मास्तर माझ्या मागे उभे राहून "माझी गिटार वर कर", "माझा बेस मेलाय का", असं करत राहिले, आणि शेवटी दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून नियम असा, की मिक्स करणाऱ्याच्या खोलीत कुणी यायचं नाही. सगळ्या जगाबरोबरच आपणही पहिल्यांदा ऐकायचं. दादाने तिघांचे हात एकावर एक ठेवायला लावले. मास्तर म्हणाले, "हे अगदी बालिश आहे," आणि सगळ्यात आधी हात त्यांनीच ठेवला.

मला तर बरंच. कुणी मागे उभं असलं की माझी बोटं चालत नाहीत.

१६ फेब्रुवारी

शेजारच्या बाई भांडायला आल्या. म्हणाल्या, तुमच्या घरात तीन दिवस झाले काहीतरी टीं टीं टीं करतंय, आमचं डोकं उठलंय. बाबा म्हणाले, "बाई, आमच्याकडे दिवसभर ठणाठणा चालतं त्याचं काही नाही, आणि टीं टीं चं डोकं उठतं?" मी आणि बाबा सगळीकडे फिरलो, काही नाही. शेवटी त्याच स्टूल घेऊन जिन्यावर चढल्या आणि धुराच्या अलार्मची बॅटरी काढली. म्हणाल्या, "आत्ता बघा कसं शांत झालं."

बाबा मला म्हणाले, "झालं का शांत?" मी खांदे उडवले. ते म्हणाले, "काही लोकांना कटकट हवीच असते."

आम्ही दोघं घरात ओरडूनच बोलतो. भांडण चाललंय की जेवायला वाढलंय ते बाहेरच्याला कळत नाही. मशीनपाशी सवय झाली, ती वर येते जिन्याने.

२ मार्च

चार दिवस स्टुडिओ. आज पहिला.

रेकॉर्डिस्ट काका साठीचे असतील. फार कमी बोलतात, म्हणून मला आवडले. आतली खोली इतकी बंद की स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी आत एकटी बसले होते ड्रमवर, माइक चालू होते. हेडफोनमध्ये एक बारीक शिट्टी येत होती, सतत. मी खूप वेळ धीर गोळा केला आणि म्हटलं, "काका, शिट्टी येतेय."

काका म्हणाले, "कुठे?"

"हेडफोनमध्ये. मागे. बारीक."

त्यांनी वायरी बदलल्या. माइक बदलला. शेवटी म्हणाले, "पोरी, इथे काही नाही." मी हेडफोन काढले. तरी शिट्टी होतीच. मग लक्षात आलं, ही तर ती नेहमीची, शांतता असली की येते ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास नाचवलं. सगळ्यांनाच येते ती, फक्त लोक मनावर घेत नाहीत.

५ मार्च

शेवटचा दिवस. नऊ गाणी झाली. दादाचा गळा असा लागला की काकांनी चष्मा काढून पुसला.

पण आज दादाचा रागही आला. 'खड्डा' या गाण्यात मी पुढे पळतेय, असं तो म्हणाला. चार वेळा वाजवलं. पाचव्या वेळी त्याने मशीनचा ठेका लावला आणि म्हणाला, "गप्पू, मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाही." लावून घेतलं. बाहेर जिन्यावर बसले. मास्तर आले आणि म्हणाले, "ठेका मशीनचा असला तरी मिक्स तुझा ना?" मी म्हटलं, "मग बघतेच आता त्याला." ते हसले. मीही.

१४ मार्च

बाबांनी नवीन ऑर्डर घेतली, हॉस्पिटलचे डक्ट. सकाळी सात ते एक मी पत्रा कापते. दुपारी तीन ते सात स्टुडिओची छोटी खोली माझी. काकांनी किल्लीच देऊन टाकली.

मास्तर आज वर्कशॉपमध्ये डोकावले आणि कानावर हात ठेवून उभे राहिले. बाबांना म्हणाले, "तुम्ही कानात काही घालत नाही?" बाबा म्हणाले, "मास्तर, पत्रा बोलतो. कुठे वाकेल, कुठे फाटेल, आधी आवाजात सांगतो. कान झाकले तर मी काम कसं करू? तुम्ही फळ्यावर डोळे मिटून लिहिता का?"

मास्तर काहीतरी म्हणाले ते मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते पण त्यांनी हात तोंडापुढे धरला होता. मला माणसांच्या डोळ्यांत बघता येत नाही, लाज वाटते, म्हणून मी ओठांकडे बघते. हल्ली लाज वाढलीच आहे. दुकानात वगैरे कुणी काही विचारलं की निम्मं डोक्यावरून जातं आणि मी नुसती हो म्हणते. परवा हो हो करत घरी आले तर पिशवीत दोन किलो साबण.

२ एप्रिल

मिक्सचं आता असं आहे. दादाचा गळा सुंदर आहे पण रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी पडदा आलाय. गाताना शब्दाची कड लागत नाही. ड्रमवरचे पितळी सिंबल तर दुसऱ्या गल्लीत वाजल्यासारखे. काकांचे माइक जुने असणार. दोन वर्षांपूर्वी माझ्या फुटक्या कॉम्प्युटरवर कसं लख्ख आलं होतं सगळं!

मी वरच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या, पट्ट्या थोड्या उचलल्या. काचेवरची धूळ पुसल्यासारखं झालं. थोड्या आणखी उचलल्या.

११ एप्रिल

'खड्डा' झालं. दादाचा श्वाससुद्धा ऐकू येतो आता. फार मेहनत घेतली. मशीनच्या ठेक्याला एवढी धार आणली की दादा म्हणेल, गप्पू, तुझ्या ड्रमपेक्षा हे बरं. राग गेला माझा. असं काम करताना राग राहतच नाही.

दर दिवशी आदल्या दिवशीचं ऐकते आणि वाटतं, अजून पडदा आहे. मग अजून थोडं उचलते.

२३ एप्रिल

काका आले खोलीत. नियम बँडचा आहे, त्यांना लागू नाही. दोन गाणी उभ्याने ऐकली. मग म्हणाले, "वरचं जरा जास्त नाही का झालं?"

मी नॉबकडे बघत राहिले.

"तुझा मिक्स आहे. तू म्हणशील ते. पण एकदा सकाळच्या ताज्या कानांनी ऐकून बघ."

सकाळी तर मी पत्रा कापते. मी मान हलवली. ते थोडा वेळ थांबले, मग गेले.

मी वाचलंय कुठेतरी, वय झालं की माणसाला वरचे आवाज ऐकू येईनासे होतात. काकांचं तेच झालं असेल. पण मग त्यांना जास्त कसं वाटलं, कमी वाटायला हवं. बराच वेळ विचार केला. मग सोडून दिलं. एवढी वर्षं एकाच खोलीत बसलं की माणसाला नवं काही सहन होत नाही, बाबांना नाही का माझे ड्रम.

७ मे

दिलं. नऊ गाणी. कंपनीवाल्या बाईंनी गाडीत बसून दोन गाणी फोनवर ऐकली आणि "धारदार आहे, आवडलं," असं कळवलं. मास्तरांनी तो निरोप मला तीनदा वाचून दाखवला. धारदार! पत्रेवाल्याच्या मुलीला आणखी काय हवं.

दादा विचारतो, "कसं झालंय?" मी म्हणते, "कळेल." तो म्हणतो, "एक ओळ. एकच ओळ ऐकव." मी नाही म्हटलं. आत्या म्हणाली, "नोकरी सोडून बसलाय, एक ओळ ऐकली तर काय आभाळ कोसळेल?" दादा म्हणाला, "आई, गप्पूवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे."

हे वाक्य इथे लिहून ठेवते.

१ जून

आज.

कंपनीने एक रिकामं फर्निचरचं दुकान घेतलं होतं, साठ खुर्च्या, चार मोठे स्पीकर. बाबासुद्धा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होते. दादा आणि मास्तर पहिल्या रांगेत.

पहिलं गाणं सुरू झालं. काय सांगू. एवढ्या मोठ्या जागेत दादाचा एक एक शब्द. मी लोकांकडे बघत होते. पहिल्याच कडव्याला एका मुलीने डोळे घट्ट मिटले. एका माणसाने दात आवळले आणि मान खाली घातली. गाणं एवढं लागतं माणसाला! 'खड्डा' ला आत्याने दोन्ही हात डोक्याच्या बाजूला दाबून धरले. तिला दादाचे ते लिफ्टखालचे दिवस आठवले असणार. चौथ्या गाण्याच्या आधी काही लोक उठून बाहेर गेले. काही परत आले, काही नाही. दादा पूर्ण वेळ पुतळ्यासारखा बसला होता, पाठ ताठ. शेवटचं गाणं संपायच्या आत तो दाराबाहेर गेला. त्याला रडू आवरलं नसेल.

टाळ्या कमी वाजल्या. पण कधी कधी माणसं सुन्न होतात तेव्हा टाळी वाजवत नाहीत.

बाबा म्हणाले, "लख्ख! एकूण एक शब्द कळला. तुझ्या दादाचा गळा एवढा चांगला आहे हे मला आज समजलं."

काका कोपऱ्यात होते. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, लांबून कळलं नाही. मी हसले.

दादा भेटलाच नाही नंतर.

३ जून

दादा फोन उचलत नाही. मास्तर म्हणतात, "दमलाय तो." ते माझ्याशी बोलताना बुटांकडे बघतात.

६ जून

पहिली परीक्षणं आली. मास्तर दाखवणार नव्हते, मी त्यांच्या फोनमध्ये वाचली.

एकाने लिहिलंय: "गाणी चांगली असावीत, पण ती शोधायला दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसावं लागतं."

दुसरा: "गायक प्रत्येक 'स' ला सापासारखा फुसफुसतो. तिसऱ्या गाण्यानंतर मी हेडफोन काढून ठेवले, कानात दुखत होतं."

रेडिओवर एका बाईने 'खड्डा' लावलं आणि अर्ध्या मिनिटात बंद केलं. म्हणाली, "श्रोतेहो, माफ करा, हे माझ्याच्याने होत नाही." त्याचा तुकडा काढून लोक एकमेकांना पाठवतायत. खाली हसणारे चेहरे. एकाने लिहिलंय, "आमचा कुत्रा पलंगाखाली गेला."

मी अल्बम पुन्हा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे आहे साप? मला एकही साप ऐकू येत नाही. लोक दुसराच कुठला अल्बम ऐकतायत का?

९ जून

दादा आला. वर्कशॉपमध्येच, बाबा नसताना. मी कटर बंद केला.

म्हणाला, "का केलंस?"

"काय?"

"माझा गळा असा का केलास? ठेक्याचा राग होता तर तोंडावर सांगायचं होतंस. मास्तरांना म्हणालीस ना, 'बघतेच आता त्याला'?"

मी म्हटलं, "ती गंमत होती."

त्याने फोन काढला, कसलासा छोटा स्पीकर आणला होता, तो माझ्या कापलेल्या पत्र्यांवर ठेवला, आणि 'खड्डा' लावलं. "हे. हे ऐक. हे!" प्रत्येक 'हे' ला स्पीकरकडे बोट. त्याचा चेहरा पिळवटला होता, काहीतरी टोचल्यासारखा, दर वेळी.

मी म्हटलं, "काय?"

"गप्पू, नाटक करू नकोस."

"मला छान वाटतंय."

त्याने स्पीकर उचलला. मला वाटलं फेकेल. फेकला नाही. नीट पिशवीत ठेवला, चेन लावली. म्हणाला, "दोन वर्षं मी तुझे कान, तुझे कान करत गावभर फिरलो. तुला माझी एवढी चीड असेल असं स्वप्नातही वाटलं नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. आठवीतल्यासारखं झालं. आवाजच निघाला नाही. तो गेला तरी मी तशीच उभी.

१० ते १४ जून

पत्रा कापला. दुसरं काही नाही.

१५ जून

मास्तर आले आणि म्हणाले, "चल स्टुडिओत." मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "गणिताचा माणूस आहे मी. दोन उत्तरं जुळत नसतील तर तिसरी बाजू तपासतो. चल."

काका होते. दादालाही बोलावलं होतं, तो दाराशी उभा, हाताची घडी घालून. काकांनी मला हेडफोन दिले नाहीत, मोठे स्पीकर लावले. म्हणाले, "एक सूर लावतो. खालून वर जाईल. ऐकू येतोय तोवर हात वर ठेव, थांबला की खाली."

मला वाटलं माझी परीक्षा घेतायत, सूर ओळखायची. बरं.

सूर सुरू झाला. जाड, मग मध्यम, मग बारीक. मी हात वर धरला. बारीक होत होत तो थांबला. मी हात खाली घेतला.

पडद्यावर मात्र ठिपका चालूच होता, वर वर.

मी काकांना म्हटलं, "सूर थांबला, ठिपका चालू आहे. बिघाड आहे काहीतरी."

मी दादाकडे बघितलं. त्याने हाताची घडी सोडली होती. त्याचे डोळे बारीक झाले होते आणि एक खांदा कानापर्यंत वर आला होता. मास्तरांचाही. काकांचाही. तिघंही एकाच वेळी, कुणीतरी टोचत असल्यासारखे, आणि खोली माझ्यासाठी गप्प होती. फक्त माझी ती शिट्टी.

"आत्ता चालू आहे?" मी विचारलं.

दादा म्हणाला, "हो."

"आत्ता?"

"हो गं. बंद करा काका. बंद करा ना."

काकांनी बंद केला. तिघांचे खांदे खाली आले. त्यावरून मला कळलं की आत्ता थांबला.

१९ जून

डॉक्टरीण बाईंनी कागद दाखवला. रेघ सरळ चालत येते आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली. दोन्ही कान. त्यांनी विचारलं, "काम काय करतेस?" मी सांगितलं. "किती वर्षं?" तीन. "आणखी?" ड्रम. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. राहिलेलं सांभाळायचं. यंत्र लावता येईल, बोलणं जास्त कळेल, पण संगीतासाठी त्याच्यावर फार भरवसा ठेवू नकोस.

मी विचारलं, "ती शिट्टी सगळ्यांना येते ना?"

म्हणाल्या, "नाही."

मास्तर माझ्यासोबत आले होते. परतताना सगळ्या वाटेत त्यांनी एकही विनोद केला नाही.

२० जून

बाबांना सांगितलं. कागद त्यांनी उलटा सुलटा बघितला. म्हणाले, "एवढंच? माझी रेघ काढली तर कागदाच्या बाहेर जाईल." आणि हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, काय करावं न कळल्यासारखं.

जेवले नाहीत. खाली गेले. मला वाटलं मशीन चालू करतील. बऱ्याच वेळाने मी जिन्यात जाऊन बघितलं तर ते मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले होते, हात मांडीवर ठेवून, नुसते. मी परत वर आले. त्यांना माझी पावलं ऐकू आली नसणार.

२८ जून

आता जुनी पानं वाचते तर सगळं लिहिलेलं आहे. अलार्म. शिट्टी. साबण. माझ्याच अक्षरात. काकांबद्दल मी काय लिहिलंय ते वाचून वही जाळावी वाटली. मास्तर म्हणाले, "जाळायची नाही. खरं लिही एवढंच सांगितलं होतं, समजून लिही असं नव्हतं सांगितलं."

५ जुलै

कंपनीने कळवलं की पुढचा अल्बम होणार नाही. हाही दुकानांतून काढतायत. मास्तरांनी त्यांना विचारलं, नवा मिक्स करून दिला तर? उत्तर आलं, एकच अल्बम दोनदा कुणी ऐकत नाही.

दादा लिफ्टच्या कामावर परत गेला. जुन्या साहेबाने घेतलं, पण हाताखालच्या माणसाच्या हाताखाली. आत्या सांगत होती. पुढे म्हणाली, "तुझ्यावर राग नाही हो त्याचा." म्हणजे त्या घरात माझं नाव निघतं ते असं निघतं.

१७ जुलै

दादा आला. संध्याकाळी, कामाचे कपडे, हाताला ग्रीस. बाबा म्हणाले, "ये भाच्या," आणि चहा टाकायला वर गेले, नेहमी मी टाकते.

दादा माझ्या समोर येऊन बसला, अगदी समोर, चेहऱ्यावर उजेड येईल असा. सावकाश बोलला. हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार. मला आवडलं नाही.

म्हणाला, "मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, "मलाच कळलं नाही."

मग तो म्हणाला, "एका मुलाखतीत विचारलं, असा मिक्स का? मी म्हटलं, मला तसाच हवा होता. मीच करून घेतला."

"का?"

"मग काय सांगू? लोक अजून हसतायत. तुझं नाव घेऊन हसले असते."

आता त्याच्यावर हसतायत. मी शोधून वाचलं. 'अहंकारी', 'स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात'. त्याचं गाणं आणि त्याचं नाव दोन्ही गेलं, आणि दुसरं त्याने हाताने उचलून दिलं.

मी त्याला म्हटलं, खरं सांगून टाक. तो म्हणाला, "कशाला? मग दया करतील. दयेपेक्षा शिव्या बऱ्या, निदान त्या गाण्याला पडतात."

मी त्याला थँक्यू म्हणू शकले नाही. सॉरीसुद्धा नाही. चहा आला.

२ ऑगस्ट

काकांनी न सांगता सगळी नऊ गाणी पुन्हा मिक्स केली. विकायला नाही, कुठे द्यायला नाही. म्हणाले, "मी एकदाच बोललो होतो. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं, ते राहिलं."

दुपारच्या सुट्टीत दादा आला, मास्तर आले, मी आले. बाबांनी आता वर्कशॉपमध्ये कानाला लावायचे जाड डबे आणलेत, माझ्यासाठी. स्वतः नाही लावत.

काकांनी पहिलं गाणं लावलं. माझ्यासाठी सगळं रजईखाली. ड्रम आहेत, बेस आहे, दादाचा गळा दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, शब्दांना कडा नाहीत. मी एप्रिलमध्ये जिथून सुरुवात केली होती ते हेच.

पण मी तिघांकडे बघत होते. मास्तरांनी डोळे मिटले, मान मागे टाकली. दादाचे खांदे हळूहळू खाली आले, इतके खाली की मला कळलं, जूनपासून तो ते वरच धरून बसला होता. कडवं संपलं तेव्हा त्याने मनगटाने डोळे पुसले आणि गालावर ग्रीस लागलं. असं होतं तर ते गाणं. हे साठ लोकांनी त्या दुकानात ऐकायला हवं होतं.

गाणं संपलं. काका माझ्याकडे वळले. "गप्पू, सिंबल कसे वाटतायत?"

मला विचारायला नको होतं त्यांनी. पण सगळे बघत होते. दादा तर असा बघत होता की मी काहीतरी म्हणावंच, काहीही.

मी म्हटलं, "थोडे कमी करा."

काकांनी मान डोलावली आणि हात नॉबवर नेला. मी बाजूला बसले होते, मला नीट दिसत होतं. त्यांची बोटं नॉबभोवती आली, मनगट वळलं, आणि नॉबवरची पांढरी रेघ होती तिथेच राहिली. त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा लावलं.

"आता?"

"आता बरोबर," मी म्हटलं.

दादाने श्वास सोडला. काकांनी दुसरं गाणं लावलं. त्यानंतर अजून सात होती.